एक पट्टी वर

आमच्या घरात सकाळी गजर लागत नाही, भावजींच्या गुळण्या लागतात. खाली आम्ही राहतो, वर माझा धाकटा दीर आणि त्याची बायको. मधली स्लॅब बांधणाऱ्याने बहुधा पुठ्ठ्याची घातली असावी. मिठाच्या पाण्याने घसा खळखळला की समजायचं, उजाडलं. त्यामागून 'आ' येतो. तो 'आ' एकेक पायरी चढत जातो आणि एका ठिकाणी असा काही अडकतो, की मी हातातला कप आपोआप खाली ठेवते. पोचतात की नाही, पोचतात की नाही, असं होतं. पोचले की मी चहा पिते. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या एका सुरापायी मी जन्मभर गार चहा प्यायले आहे, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते.

भावजी पोटासाठी गात नाहीत. ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची आणि एकामागून एक भिंग घालत विचारायचं, "हे बरं की आधीचं? नीट बघून सांगा. घाई नाही." गिऱ्हाईक म्हणतं, "दोन्ही सारखंच." भावजी चिडत नाहीत. पुन्हा पहिलं भिंग घालतात, पुन्हा विचारतात. माणूस इतका शांत की बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर स्वतःच सॉरी म्हणेल. पण संध्याकाळी कोणाच्या लग्नात, वाढदिवसाला नाहीतर निवृत्तीच्या समारंभात हातात माईक आला की हाच माणूस एक बूट काढून ठेवतो आणि गायला लागतो. हो, एक बूट. त्याचं असं आहे.

भावजींच्या कॉलेजच्या दिवसांत एका मोठ्या गायकाचा अल्बम आला होता. मोठा म्हणजे जगभर नाव झालेला, ज्याचे फोटो न्हाव्याच्या दुकानातसुद्धा लागायचे असा. अल्बमच्या कव्हरवर तो पालथ्या बादलीवर बसला आहे, एका पायात बूट, दुसरा पाय बिनबुटाचा, आणि तोंडावर असा भाव की दुसरा बूट कुठे गेला हे त्यालाही ठाऊक नाही. आमच्याकडे त्या अल्बमला खऱ्या नावाने कोणी कधी हाक मारली नाही. एका बुटाचा अल्बम. गायकाला म्हणायचे बूटवाला. आणि त्याची गाणी हुबेहूब त्याच्यासारखी म्हणणारे आमचे भावजी, त्यांना सगळे म्हणतात 'दुसरा बूट'. लग्नाआधी मला सांगितलं होतं की धाकटा दीर नामांकित आहे. नाव काय ते सांगितलं नव्हतं.

अल्बममध्ये गाणी नऊ. भावजींनी ती ऐकून पाठ केली असं म्हणणं म्हणजे मासा पोहायला शिकला म्हणण्यासारखं आहे. बूटवाला कुठे श्वास घेतो, कुठे घेतो असं दाखवून घेत नाही, दुसऱ्या गाण्यात ढोल मुद्दाम उशिरा का येतो, सातव्या गाण्यात सुरुवातीला जो बारीक खोकला आहे तो चुकून राहिला की ठेवला, यावर ते तासभर बोलू शकतात. मी भाजी निवडत ऐकते. एकदा म्हणाले, "वहिनी, बाकीचे गायक गाणं सांगतात. हा आपल्याला विचारतो." मी विचारलं, "काय विचारतो?" तर म्हणाले, "तेच तर कळत नाही ना. म्हणून परत परत लावतो."

आणि चौथं गाणं. त्यात शेवटच्या कडव्यात बूटवाला एक उडी मारतो. सूर खालून उचलतो तो एकदम वर नेऊन ठेवतो, सगळी वाद्यं थांबतात, आणि क्षणभर नुसता तो सूरच उरतो. भावजींनी हीच जागा आयुष्यभर गायली. डोळे मिटलेले, हात वर, मान मागे. सूर लागला की हॉल कोसळायचा. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर उभं राहणं, सगळं. भावजी हात तसाच वर ठेवून टाळ्या संपेपर्यंत थांबायचे, मगच ढोल सुरू व्हायचा. टाळ्यांसाठी त्यांनी ती जागा ताणून ठेवलेली होती, आणि ती कधी रिकामी गेली नव्हती.

फक्त धाकटी, म्हणजे माझी जाऊ, कार्यक्रमांना जायची बंद झाली होती. मी एकदा तिला टोचलं, "नवऱ्याचं कौतुक बघवत नाही का गं?" तर म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे गाणं ऐकता. मी यांच्या मानेच्या शिरा बघते. त्या जागेला अशा टरारून येतात की वाटतं, आता फुटतील. टाळ्या कसल्या वाजवू?" त्यावर मी विषय बदलला. मी विषय बदलते असं फारसं होत नाही.

तर या वर्षी त्या अल्बमला चाळीस वर्षं झाली. गावातल्या संगीतप्रेमी मंडळींनी टाउन हॉल घेतला आणि ठरवलं की दुसऱ्या बुटाने सगळा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायचा. भावजींनी हो म्हणून टाकलं, आणि मग डोक्याला हात लावून बसले. कारण गेलं वर्षभर ती उडी त्यांना धड लागत नव्हती. सकाळचा 'आ' अडकायचा तो अडकूनच राहायचा. वाट बघण्यात अर्थच उरला नव्हता. माझा चहा आता गरम असतानाच संपत होता आणि मला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. आयुष्यभर ताणून गाऊन झालेल्या. "गायचं तर आपल्या आवाजाच्या बेताने गा. ती उडी पुन्हा जोर लावून मारलीत तर गाणं सोडा, बोलण्याचीही पंचाईत होईल."

भावजींच्या जोडीला कीबोर्ड वाजवणारा जो आहे तो दिवसा मोटार शिकवतो. वाजवतानाही त्याचा उजवा पाय मधूनमधून ब्रेक दाबत असतो. तो म्हणाला, "काका, एवढं काय मनावर घेता? इथे बटण आहे. दाबलं की सगळं गाणं एक पट्टी खाली. कोणाला कळतंय?"

भावजी कधी नव्हे ते भडकले. "मला कळतंय! त्याने ज्या पट्टीत गायलं त्याच पट्टीत गायचं. मूळ ते मूळ. खाली आणून गायचं तर न गायलेलं बरं."

धाकटीने हात जोडले, आमच्या ह्यांनी धाकट्या भावाला मोठ्या भावाच्या आवाजात झापलं, मी उंटावरून शेळ्या हाकल्या. भावजींचं एकच. उडी लागली तर मूळ पट्टीत गाईन, नाहीतर मंडळींना नाही म्हणून कळवीन आणि यापुढे माईक धरणार नाही. एका डोळे तपासणाऱ्याच्या आयुष्यात चष्म्याच्या चौकटी सोडून जे काही होतं ते सगळं त्या एका सुरावर येऊन लटकलं.

अशात माझी लेक सुट्टीला आली आणि काकांसाठी भेट घेऊन आली. चाळिशीनिमित्त तो अल्बम पुन्हा काढला होता. मोठी काळी तबकडी, जशी पहिल्यांदा निघाली होती तशीच. बरोबर ती वाजवायचं लहानसं यंत्रही. भावजींनी कव्हर हातात घेऊन उजेडात धरलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे होती ती कॅसेट, आणि तिच्यावरच्या झेरॉक्सच्या कागदावर बूटवाला टिकलीएवढा दिसायचा. आता तो ताटाएवढा दिसत होता. भावजी म्हणाले, "अरे, मोजा फाटका आहे याचा. मला माहीतच नव्हतं."

आम्ही सगळे वर जमलो. तबकडी फिरली. पहिलं गाणं सुरू झालं आणि भावजींनी डोळे मिटले. मग उघडले. मग लेकीकडे बघितलं.

"बेटा, हे यंत्र हळू चाललंय."

"नाही काका, बरोबर आहे. इथे लाइटवर वेग दिसतो बघा."

"मग तबकडी सदोष आहे."

कारण तो बूटवाला नव्हताच. म्हणजे होता, पण जाडसर. आमचा बूटवाला तरतरीत, खट्याळ, शिडशिडीत आवाजाचा. हा कोणीतरी दमलेला, जड, पायऱ्या चढून आल्यावर बोलतात तसा बोलणारा माणूस. तिसरं गाणं तर गावातल्या निम्म्या लग्नांत नाचवलेलं. ते इथे असं रेंगाळत होतं की मी शब्दांकडे पहिल्यांदाच लक्ष दिलं, आणि लक्षात आलं, अगं बाई, हे तर निरोपाचं गाणं आहे! माझ्या स्वतःच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात लोक यावर घामाघूम होईपर्यंत नाचले होते.

लेक हळूच म्हणाली, "काका, फोनवर पण हे असंच वाजतं. मी तुम्हाला मागे सांगितलं होतं."

"तेव्हा मला वाटलं, नेट स्लो असेल."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पूर्वी रेडिओवर लागायचं तेव्हा त्यांना वाटायचं, रेडिओवाले वेळ भरून काढायला हळू लावतात. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन त्यांनी तबकडी दुकानात परत केली आणि दुसरी आणली. तीही तशीच. आमचे हे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." भावजींच्या वतीने मीच ह्यांच्यावर खेकसले.

मग संशयाला राहिली फक्त कॅसेट, म्हणून निघालो कॅसेटवाल्याकडे. गावात सगळ्यांच्या कॅसेटा त्या वेळी एकाच दुकानात भरून मिळायच्या. मूळ तबकडी एकट्या त्याच्याकडे होती. आपण कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची. आता त्या दुकानात त्याची सून फोनची कव्हरं विकते आणि तो कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो. धाकटी येणार नव्हती, मी गेले. घरातलं कोणीतरी शुद्धीवर असलेलं बरोबर हवं म्हणून. खरं सांगायचं तर मलाच राहवत नव्हतं.

भावजींनी विचारलं, "तुम्ही आम्हाला एका बुटाचा अल्बम भरून द्यायचात, तो कसा भरायचात?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "त्याची एक गंमत आहे," तो म्हणाला. "रेकॉर्ड होती अठ्ठेचाळीस मिनिटांची. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. आणि लोकांना दुसऱ्या बाजूवर दुसरा अल्बम हवा असायचा. दुसऱ्या गावातले दुकानदार काय करायचे? शेवटचं गाणं मधेच कापायचे! ऐकणारा बसला आपला वाट बघत. मला ते पाप वाटायचं. माझ्या यंत्राला वेग कमीजास्त करायचा खटका होता. मी तो एवढासा, हा एवढासा वर सरकवायचो. नऊची नऊ गाणी बसायची. वर दहा सेकंद उरायची." त्याने आम्हा दोघांकडे शाबासकीच्या अपेक्षेने बघितलं. "एकाचंही गाणं कापलं नाही मी. आख्ख्या गावाचं!"

मला वाटलं, आता भावजी बोलणार. चाळीस वर्षांच्या गाठी घशात घेऊन उभा असलेला माणूस काहीतरी बोलेलच ना? ते म्हणाले, "चांगलं केलंत." आणि फोनचं एक कव्हर विकत घेतलं, जे त्यांच्या फोनला बसत नाही.

रस्त्याने मी त्यांना समजावत होते आणि माझं मलाच समजत नव्हतं. वेग वाढला की सूरही वर चढतो, हे लेकीने आदल्या दिवशी सांगितलं होतं ते मी पढवल्यासारखी म्हणून दाखवलं. म्हणजे गाणं मुळात एक पट्टी खालीच होतं. म्हणजे ती उडी बूटवाल्याने मारलीच नव्हती इतकी उंच. म्हणजे जगात ती उडी फक्त भावजींनी मारली. म्हणजे हे चांगलं की वाईट? चौकापर्यंत मला चांगलं वाटत होतं, चौकानंतर वाईट.

"भावजी, आता तर प्रश्नच मिटला," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता ना, मूळ ते मूळ? मग खाली गा. घसाही वाचला आणि शब्दही राहिला."

"हो," ते म्हणाले. थोडं चालले. "पण वहिनी, मग मी इतकी वर्षं कोणाचं गात होतो?"

धाकटीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग एकदम रडायला लागली, आणि मग कॅसेटवाल्याला अशा काही शिव्या दिल्या की मला नव्याने तिची ओळख झाली. "त्याच्या एका खटक्यापायी यांचा गळा गेला! आणि हे त्याच्याकडून कव्हर घेऊन आले!" मग डोळे पुसून म्हणाली, "पण आता खाली गाणार ना? शिरा नाही ना येणार? मग मी येते कार्यक्रमाला." भ्रमाचा भोपळा फुटला तो भावजींचा, आणि सण झाला तिचा.

पुढचे काही दिवस वरून ती तबकडी सारखी ऐकू येत होती. भावजी गात नव्हते, नुसतं ऐकत होते. दुकानात एका गिऱ्हाइकाने नेहमीसारखं "दोन्ही सारखंच दिसतंय" म्हटलं, तर म्हणे त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "असं कसं सारखं? त्यातलं एक तरी खोटं असेलच ना!" मालकाने त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. संध्याकाळी मी वर गेले तेव्हा ते यंत्राजवळ जमिनीवर बसले होते, हातात कव्हर.

"बसा वहिनी. हे ऐका. इथे त्याच्या खुर्चीचा आवाज येतो. कॅसेटवर नव्हता हा." मी ऐकलं. खुर्ची करकरली खरी. "आणि सातव्यातला खोकला. मला वाटायचं, गंमत म्हणून ठेवलाय. गंमत नाही ती. हा माणूस थकलेला होता. थकून गात होता, आणि थकलंय ते लपवतही नव्हता. काय धीर पाहिजे त्याला! एवढं नाव, एवढं सगळं, आणि म्हणतोय की मी दमलो. आणि मी त्याला चाळीस वर्षं उड्या मारायला लावल्या."

"मग हे आवडलं ना तुम्हाला?"

"हे मोठं आहे, वहिनी. फार मोठं आहे." त्यांनी कव्हर खाली ठेवलं. "पण आवडतं ते मला ते जुनंच. आता काय करायचं?"

मी म्हटलं, जेवायला चला. दुसरं काय म्हणणार?

तालमीला मोटारवाल्याने बटण दाबलं. भावजी खालच्या पट्टीत गायले. चौथ्या गाण्यातली जागा आली आणि गेली. सूर अलगद लागला, जसा दिवा लागतो. मान मागे नाही, शिरा नाहीत. पोचतात की नाही असं झालंच नाही, पोचलेच होते. मोटारवाला म्हणाला, "काका, गोड लागतंय हो. फक्त थोडं... लोक झोपणार नाहीत ना?" भावजी म्हणाले, "झोपले तर झोपू दे. मूळ असं आहे." बोलले ठामपणे, पण मधूनच वर बघत होते, घरात एखादी वस्तू ठेवलेली जागा सापडेनाशी झाली की बघतात तसं.

मी सुचवलं की आधी स्टेजवरून लोकांना सांगा, कॅसेट जलद होती, खरं गाणं हे असं आहे. त्यांनी मान्य केलं. दोन वाक्यं तयारही केली. पण कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला तर पहिल्या रांगेत मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून, कॅसेटवाला बसलेला. सुनेने आणून बसवला होता. येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "तुमच्यामुळे ऐकला हो आम्ही हा अल्बम." भावजींनी त्याच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, बूट काढून ठेवला आणि एक अक्षर न बोलता पहिलं गाणं सुरू केलं.

हॉल खच्चून भरला होता. पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या, जुन्या ओळखीच्या. दुसऱ्याला कमी. तिसरं सुरू झालं तेव्हा नाचायला म्हणून चारपाच जण उठून कडेला गेले, थोडे हलले, एकमेकांकडे बघितलं आणि परत येऊन बसले. माझ्या मागची बाई म्हणाली, "आवाज गेला वाटतं याचा." तिचा नवरा म्हणाला, "वय झालं. बूट झिजला." लांबून कोणीतरी ओरडलं, "वर घ्या, साहेब, वर!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वळून सांगावंसं वाटलं की अहो, हेच खरं आहे, तुम्हीच सगळे चुकीचं ऐकत आलात. पण मग वाटलं, आख्खं गाव एकच चूक ऐकत आलं असेल तर तिला चूक तरी कसं म्हणायचं? आणि मला स्वतःला तरी हे गाणं ऐकवत होतं का? नव्हतं. मला माझा जुना बूटवाला हवा होता. भावजी स्टेजवर जीव ओतून बरोबर गात होते आणि मी खाली बसून मनात म्हणत होते, एकदा, फक्त एकदाच, वर घ्या हो.

धाकटी माझ्या शेजारी होती. पर्स मांडीवर घट्ट धरून, डोळे भावजींच्या मानेवर.

चौथं गाणं आलं. हॉल सावरून बसला. त्या जागेची सगळ्यांना सवय होती. मागचेही गप्प झाले. कोणी शिट्टीसाठी बोटं तोंडात घालून तयार. शेवटचं कडवं. भावजींनी डोळे मिटले, सूर उचलला आणि जागेवर ठेवला. वाद्यं थांबली. सूर स्वच्छ होता, भरलेला होता, जराही हलला नाही. भावजींचा हात नेहमीच्या सवयीने वर गेला आणि ते थांबले.

काहीही झालं नाही. कोणालाच कळलं नव्हतं की ती जागा येऊन गेली. लोक अजून उडीची वाट बघत होते. इतकी वर्षं ते सुराला टाळ्या देत नव्हते, तो लागेल की नाही या धास्तीला देत होते, आणि आज धास्ती नव्हती. बोटं तोंडात घालून बसलेला तसाच बसून होता. भावजी हात वर करून, डोळे मिटून, त्या रिकाम्या हॉलसमोर उभे. रिकामाच म्हणायचा तो.

आणि शेजारी पर्स खाली पडल्याचा आवाज झाला. धाकटी उठून उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत होती. एकटी. मोठ्याने, बेताल, बाजारात भांडायला उभी राहावी तशी. सगळा हॉल वळून बघायला लागला. तिला त्याचं काही नव्हतं.

भावजींनी डोळे उघडले. त्यांना आधी कळेना, आवाज कुठून येतोय. मग ती दिसली. त्यांचा हात खाली आला, ढोल सुरू झाला, आणि चाळीस वर्षांत एक शब्द न चुकलेला माणूस पुढची ओळ विसरला. मोटारवाल्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, पाय ब्रेकवर. भावजी माईक धरून तिच्याकडे बघत राहिले. मग मोटारवाल्याकडे वळून त्यांनी खूण केली, मागे चल, आणि ते शेवटचं कडवं पहिल्यापासून घेतलं. ती जागा पुन्हा आली. पुन्हा सहज लागली. या वेळी त्यांनी हात वर केला नाही आणि डोळेही मिटले नाहीत. हॉल गोंधळून बघत होता. धाकटी उभीच होती.

आमचे हे माझ्या कानाशी लागले, "काय गं, चुकला का तो?"

"मला काय विचारता," मी म्हटलं, आणि माझा आवाज कुठल्या पट्टीत लागला ते मला कळलं नाही. "तिला विचारा."